अटी अजून मागे घेतलेल्या नाहीत

८ मार्च जवळ आला की आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत 'कर्तबगार स्त्रियां'ची भित्तिपत्रकं लागतात. सावित्रीबाई, आनंदीबाई, रखमाबाई यांच्या रांगेत अलीकडे डॉ. कमला सोहोनी यांचंही नाव दिसू लागलं आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्याबद्दल जे चार वाक्यांत सांगितलं जातं ते साधारण असं असतं: सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, कमलाबाईंनी सत्याग्रह केला, प्रवेश मिळवला, केंब्रिजला जाऊन पीएच. डी. झाल्या. मग टाळ्या. मग 'मुलींनो, जिद्द ठेवा, काहीही अशक्य नाही' असा उपदेश.

या पद्धतीने गोष्ट सांगण्याला माझा आक्षेप आहे. कारण ही केवळ जिद्दीची गोष्ट नाही. ती अटींची गोष्ट आहे. स्त्रीला ज्ञानाच्या घरात घेताना उंबऱ्यावर कोणत्या अटी घातल्या जातात आणि आत गेल्यावरही त्या कशा पाठ सोडत नाहीत, हे कमलाबाईंच्या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. जिद्दीचं कौतुक करून आपण अटींचा विषय गुंडाळून ठेवतो. मुलीला जिद्द ठेवायला सांगणं सोपं, संस्थेला अट काढायला सांगणं अवघड!

आधी हकिगत नीट पाहू. कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. लेखिका दुर्गाबाई भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत) शिकलेले. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या, त्याही पहिल्या क्रमांकाने. वडील आणि काका शिकले तिथेच शिकावं म्हणून त्यांनी बंगलोरला अर्ज केला. रामन त्या वर्षी संस्थेचे संचालक झाले होते. १९३० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालेलं, साऱ्या देशाला त्यांचा अभिमान. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी म्हणून.

कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि त्यांनी रामन यांना कारण विचारलं. प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणून त्या अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी समजलं जाणार नाही, काम पाहून मग मान्यता मिळेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजेच पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये.

मैत्रिणींनो, या तीन अटी पुन्हा एकदा वाचा. विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीने स्वतःची लायकी आणखी वर्षभर सिद्ध करायची. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलांना असं काही सिद्ध करावं लागत नव्हतं, त्यांचं पुरुष असणं हीच त्यांची लायकी! आणि तिसरी अट तर आपल्या साऱ्या पुरुषप्रधान व्यवस्थेचं सार आहे. लक्ष विचलित होणार पुरुषाचं, पण त्याची जबाबदारी स्त्रीवर. घरात, रस्त्यावर, पोलीस ठाण्यात, कोर्टात हाच युक्तिवाद आपण किती वेळा ऐकला आहे. देशातल्या एका सर्वोच्च विज्ञानसंस्थेत तोच युक्तिवाद निघावा यात आश्चर्य नाही. विज्ञान शिकल्याने माणूस आपोआप विवेकी होतो हा आपला भाबडा समज आहे.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने त्यांना नियमित मान्यता मिळाली. १९३६ साली त्या एम. एस्सी. झाल्या आणि पुढे संस्थेचं दार मुलींना उघडलं. पण झालेला अपमान त्या विसरल्या नाहीत. १९९७ साली, वयाच्या पंच्याऐंशीच्या पुढे, स्त्री-वैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. साठ वर्षांहून अधिक काळ ती गोष्ट त्यांच्या मनात होती. 'आता कशाला जुनं उकरून काढायचं?' असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं असावं.

मला इथे रामन यांना खलनायक ठरवायचं नाही. एकट्या माणसाला खलनायक केलं की व्यवस्था सुटून जाते. ज्या केंब्रिजला कमलाबाई पुढे गेल्या, त्या केंब्रिज विद्यापीठाने १९४८ सालापर्यंत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी आणि विद्यापीठाचं सदस्यत्व दिलं नव्हतं. स्त्रियांना मिळे ती नावापुरती पदवी. जीवभौतिकी हा विषय ज्यांच्या कामावाचून पुढे सरकला नसता त्या रोझालिंड फ्रँकलिन याच विद्यापीठात अशाच नावापुरत्या पदवीच्या धनी झाल्या. डीएनएच्या रचनेचा उलगडा ज्या क्ष-किरण छायाचित्रामुळे सोपा झाला ते १९५२ साली त्यांच्या प्रयोगशाळेत निघालं. त्यांना न विचारता ते दुसऱ्यांना दाखवलं गेलं, १९५८ साली त्या वारल्या आणि १९६२ साली नोबेल तीन पुरुषांना मिळालं. आणि बंगलोरलाच, १९४० साली रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झालेल्या अ‍ॅना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशगुणांवर पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर लिहिले, प्रबंध १९४५ साली सादर केला. पण एम. एस्सी. नाही या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिलीच नाही. म्हणजे दार उघडलं तरी आत अटी होत्याच, फक्त त्यांची नावं बदलली.

आता 'पहिली भारतीय स्त्री' या बिरुदाबद्दल. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डी. एस्सी. दिली होती. हे मी कमलाबाईंचा मोठेपणा कमी करायला सांगत नाही. 'पहिली कोण' या मोजणीत आपण अडकतो आणि दुसरी, दहावी, शंभरावी का आली नाही हा खरा प्रश्न राहून जातो, म्हणून सांगते.

तो प्रश्न विचारायचा तर कमलाबाईंच्या मागे काय होतं तेही पाहावं लागेल. घरात दोन रसायनशास्त्रज्ञ होते. मुलीने बंगलोरला एकटीने जावं, नोबेल विजेत्याशी वाद घालावा, समुद्रापार जावं, याला नाही म्हणणारं घर नव्हतं. शिष्यवृत्त्यांची माहिती होती, इंग्रजी होतं, उच्चवर्णीय घराचा आत्मविश्वास होता. त्यांचं धाडस खरंच होतं, पण त्या धाडसाला टेकायला भिंत होती. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडच्या कोरडवाहू कपाशीवाल्याच्या मुलीला आपण 'कमला सोहोनींसारखी हो' म्हणतो, तेव्हा ही भिंत तिला कोण देणार आहे?

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातली शिक्षणाची गावं. अमरावतीची शासकीय विज्ञान संस्था १९२३ सालची, म्हणजे कमलाबाई पदवीधर होण्याच्याही दहा वर्षं आधीची. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ, अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ. आजूबाजूच्या तालुक्यांतून मुली बारावीला चांगले गुण घेऊन येतात. आणि मग? गेली काही वर्षं मी किशोरवयीन मुली आणि त्यांच्या आयांसोबत काम करते आहे. विज्ञान शाखेबद्दल बोलणं निघालं की आया हमखास म्हणतात, "पोरीले सायन्स कायले पायजे? आर्ट घे म्हना, दोन वाजता घरी येते." ही आई मागासलेली नाही. तिचा हिशेब चोख आहे. विज्ञानाचं प्रात्यक्षिक दुपारनंतर असतं, ते सुटायला पाच वाजतात. गावाकडची गाडी त्याआधी निघून गेलेली असते, नाहीतर एकदम मुक्कामी गाडी, जी गावात पोचायला रात्र होते. मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' बंद पडली ती पडलीच. फाट्यावर उतरून गावापर्यंत अंधारात चालत जायचं असतं. म्हणजे मुलीने भौतिकशास्त्र शिकायचं की नाही हे एस. टी.चं वेळापत्रक ठरवतं!

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मं तिकीट आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे. या सवलती लढून मिळवलेल्या वाटेवरच्याच आहेत, त्यांचं स्वागतच. पण तिकीट निम्मं झालं म्हणून गाडी संध्याकाळी सहाला सुटत नाही. फी माफ झाली म्हणून वसतिगृहाचं फाटक उशिरापर्यंत उघडं राहत नाही.

फाटकाचाच विषय घ्या. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद होतं आणि त्याच गावातल्या मुलांच्या वसतिगृहाला वेळेचं बंधन असलं तरी ते कागदावर असतं, हे आपण सगळ्याच पाहतो. कारण विचारलं की उत्तर मिळतं, 'मुलींच्याच सुरक्षिततेसाठी.' इथे एक गंमत लक्षात घ्या. १९३३ साली कमलाबाईंना अट होती, सांगू तेव्हा रात्रीही काम करावं लागेल. आज मुलीला सांगितलं जातं, रात्री काम करता येणार नाही. वरवर पाहता दोन्ही उलट आहेत. आत मात्र एकच गोष्ट आहे: तिच्या रात्रीचा निर्णय तिने करायचा नाही. एकदा तो मार्गदर्शकाने करायचा, एकदा रेक्टरबाईंनी. प्रयोग काही घड्याळ पाहून होत नाहीत. ज्याला रात्री नऊला पुन्हा प्रयोगशाळेत जाता येतं आणि जिला येत नाही, त्यांची स्पर्धा सारखी नसते. मग निकाल लागल्यावर म्हणायचं, 'मुलींना संशोधनात रसच नसतो.'

आणि तिसरी अट? कुठे मुलींच्या ओढणीबद्दल सूचना लागते, कुठे मुलामुलींना एका टेबलावर प्रात्यक्षिक करू दिलं जात नाही, कुठे मुलाने छेड काढली तर मुलीलाच बॅच बदलायला सांगतात. वातावरण बिघडवते ती मुलगीच. १९३३ सालची अट शब्द बदलून भिंतीवर टांगलेली आहे.

आता कमलाबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे वळू, कारण टाळ्या वाजल्यावर आपण ते वाचतच नाही. केंब्रिजला त्यांनी डॉ. डेरेक रिश्टर यांच्याकडे आणि मग डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे काम केलं. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं हे त्यांनी दाखवून दिलं. पेशीच्या श्वसनात, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी होण्याच्या क्रियेत, या द्रव्याचा मोठा वाटा आहे. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ साली डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. १९४७ साली लग्न झालं, त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. त्याच संस्थेचं संचालकपद त्यांच्या वाट्याला यायला हवं होतं तेव्हा आलं नाही. अंतर्गत राजकारणात चार वर्षं गेली आणि मग मिळालं.

या चार वर्षांवर कोणी भित्तिपत्रक करत नाही. सत्याग्रह एका दिवसात दिसतो, ताटकळत ठेवणं दिसत नाही. आपल्या मुलींचं नुकसान जास्त याच ताटकळण्यात होतं. एम. एस्सी. झालेली मुलगी तासिका तत्त्वावर शिकवते, दर वर्षी नव्याने मुलाखत देते, बाळंतपणात तासिका गेल्या की कामही जातं. तिला कोणी 'नाही' म्हटलेलं नसतं. फक्त 'हो' म्हणणंच राहून जातं.

इथे काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, आणि म्हणतातही, की हे सगळं शिकल्यासवरल्यांचं दुखणं आहे. आपल्यापुढे दारू आहे, मारहाण आहे, कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायका आहेत, मेळघाट आहे. विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकबाईंच्या बढतीशी आपल्याला काय देणंघेणं?

हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर कमलाबाईंच्या कामातच आहे. त्यांनी संशोधनाला विषय कोणते घेतले? डाळी आणि कडधान्यं, तांदळापासूनचं पीठ, नीरा. गरिबाच्या ताटात जे पडतं ते. नीरेत 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात ती दिली तर प्रकृती सुधारते, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासून दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्यं असतात, यावरही त्यांनी काम केलं. वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, सालं काढायची, चांगले शिजवायचे, हे आपल्या आज्या करत आल्या. त्यामागचं कारण शोधायला प्रयोगशाळेत एक बाई असावी लागली, हा मला योगायोग वाटत नाही. तिला तो प्रश्न दिसला, कारण ती त्या चुलीजवळून आली होती.

आणि आता आपल्याकडे पाहा. अकोला हे डाळ मिलचं गाव. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाण्यात शेतच्या शेतं सोयाबीनने भरली. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर, पण त्यातही पचनाला अडथळा करणारी तीच द्रव्यं असतात, त्यामुळे उष्णता देऊनच ते खावं लागतं. आपल्या शेतातलं सोयाबीन बाजार समितीत जातं, तेल गिरणीत निघतं, ढेप कोंबड्यांना जाते आणि ते पिकवणाऱ्या बाईच्या अंगात रक्त नाही! १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर योजना आल्या, पाकिटं आली. अंगणवाडीतून घरपोच मिळणाऱ्या आहाराच्या पाकिटात काय आहे, ते पोरं खातात का, त्याऐवजी गावातलंच काय देता येईल, हे धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलीपेक्षा कोण चांगलं तपासू शकेल? पण त्यासाठी ती बी. एस्सी.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली पाहिजे. म्हणून विज्ञान शाखेत मुलगी टिकणं हा भुकेचाच प्रश्न आहे. प्रयोगशाळेत कोण बसतं यावर तिथे कोणते प्रश्न विचारले जातात हे ठरतं.

कमलाबाई स्वतः प्रयोगशाळेत थांबल्या नाहीत. १९६६ साली नऊ स्त्रियांनी मुंबईत ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली, त्यांत त्या होत्या. भेसळ ओळखायची कशी, वजन-मापात फसवणूक कशी होते हे त्यांनी बायकांना समजेल अशा भाषेत संस्थेच्या 'कीमत' या मासिकात लिहिलं. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. डॉक्टरेट मिळवलेली बाई हळदीतली, तेलातली भेसळ समजावून सांगते, हे आपल्या चळवळीला परकं का वाटावं? आपल्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाचे हप्ते मोजून झाले की अर्धा तास या कामाला देता येणार नाही का?

तेव्हा येत्या ८ मार्चला भित्तिपत्रकाबरोबर आणखी काही करावं असं मला सुचवायचं आहे. आपापल्या गावातल्या कॉलेजात जाऊन चार प्रश्न लेखी विचारावेत. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला किती मुली आल्या, तिसऱ्या वर्षाला किती उरल्या, एम. एस्सी.ला किती गेल्या? मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहाच्या फाटकाची वेळ एकच आहे का? २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, आणि तिच्या सदस्यांची नावं विद्यार्थिनींना ठाऊक आहेत का? शेवटचं प्रात्यक्षिक किती वाजता सुटतं आणि त्यानंतर कोणत्या गावाला गाडी आहे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मुलींच्या सह्यांसह थेट एस. टी.च्या आगार व्यवस्थापकाकडे जावं. मोर्चा लहान असला तरी चालेल. एका मार्गावरची एक गाडी तासभर पुढे ढकलली गेली, तरी त्या मार्गावरच्या मुलींचं विज्ञान वाचेल.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. सत्कार व्हायला त्यांच्या वयाची सत्त्याऐंशी वर्षं जवळ यावी लागली. आपण आणखी एका सत्काराची तयारी करत बसायचं, की अटींची यादी घेऊन दारात उभं राहायचं, हे ठरवायला हवं. आपापल्या गावात या चार प्रश्नांची काय उत्तरं मिळतात ते वाचक मैत्रिणींनी जरूर कळवावं. पुढच्या अंकात ती एकत्र मांडता येतील.